बंदुकीचा कागद

अकोट, तेल्हारा किंवा अचलपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला शेत असलेल्या शेतकऱ्याला रानडुक्कर मारायचे असेल, तर त्याला दोन खात्यांचे दोन कागद लागतात. पहिला वनखात्याचा, जनावर मारण्याच्या परवानगीचा. दुसरा जिल्हाधिकारी कार्यालयाचा, बंदूक बाळगण्याच्या परवान्याचा. पहिला मिळाला आणि दुसरा नसला तर परवानगी आहे, पण बंदूक नाही. दुसरा आहे आणि पहिला नाही, तर बंदूक घरात आणि डुकरे तुरीत. दोन्ही कागद हाती आले आणि तेवढ्यात निवडणूक लागली, तर बंदूक पोलीस ठाण्यात जमा.

बंदूकधारक आणि सरकार यांचा झगडा म्हटला की अमेरिकेची आठवण होते. तिथे बंदूक बाळगणे हा राज्यघटनेने मान्य केलेला हक्क आहे आणि आपल्याकडे कोणती बंदूक आहे हे सरकारला कळावेच का, इथून वाद सुरू होतो. भारतात तो प्रश्न कायद्याने केव्हाच निकाली काढला आहे. परवान्याशिवाय बंदूक जवळ ठेवणे हा तुरुंगात नेणारा गुन्हा आहे. तरीही परवान्याविरुद्धचा झगडा इथेही आहे, आणि तो जुना आहे. त्याचा रोख वेगळा आहे. अर्ज केला तर उत्तर किती दिवसांत मिळणार, नकार दिला तर कारण कोण सांगणार, आणि घेतलेली बंदूक परत केव्हा मिळणार? वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला याच तीन प्रश्नांची उत्तरे हवी आहेत, आणि तो ती मागतो यात काही गैर नाही.

रात्रीची जागल

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत शेताच्या राखणीचा प्रश्न दोन जनावरांभोवती फिरतो. एक रानडुक्कर, दुसरा रोही, म्हणजे नीलगाय. रोही तुरीचे आणि हरभऱ्याचे कोवळे शेंडे खातात, आणि त्यांचा कळप शेतातून धावत गेला की खाण्यापेक्षा तुडवण्याने नुकसान जास्त होते. रानडुकरे रात्री येतात, मुसंडी मारून जमीन उकरतात, भुईमूग, मका, हरभरा मुळासकट उपटतात. मादी एका वेतात चार-सहा पिल्ले सहज देते, त्यामुळे कळप भराभर वाढतो. मेळघाट, नरनाळा, काटेपूर्णा ही संरक्षित जंगले याच दोन जिल्ह्यांत आहेत. पण आता डुक्कर आणि रोही जंगलातून येतात असेही राहिलेले नाही. नदीनाल्यांच्या काठची झुडपे, पडीक राने आणि उभी पिके हेच त्यांचे घर झाले आहे.

शेतकरी आधी करायचे ते सगळे करून पाहतो. धुऱ्यावर जुन्या साड्यांचे कुंपण, डबे, फटाके, भोंगा, मचाणावरची जागल, आणि ऐपत असेल तर सौर झटका मशीन. झटका मशीनचा धक्का क्षणभराचा असतो, जनावर बिचकून पळते. ज्याला ते परवडत नाही, त्यातला एखादा तारेत थेट वीजप्रवाह सोडतो. ही तार रोह्याला आणि माणसाला सारखीच मारते. विदर्भात अशा तारांवर शेतकरी, शेतमजूर आणि वाघ-बिबटे गेल्याच्या घटना वारंवार घडतात. परवान्याची बंदूक मिळण्याची वाट अवघड असली की माणूस कायद्यातून आणि शहाणपणातून बाहेर पडून जीवघेण्या उपायांकडे वळतो, हे या प्रश्नाचे सर्वांत दुखरे अंग आहे.

लिटनचा कायदा आणि दहीहंड्याचे मीठ

आजच्या परवान्याचे मूळ १८७८ च्या शस्त्र कायद्यात आहे. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी शस्त्रे काढून घेणारे कायदे केले होतेच. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी १८७८ मध्ये ती बंधने देशभर कायमची केली. त्याच वर्षी त्यांनी देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही आणला. वर्तमानपत्रांचा कायदा लॉर्ड रिपन यांनी १८८२ मध्ये मागे घेतला. शस्त्र कायदा मात्र इंग्रज गेल्यावरही टिकला. त्याचा खरा डंख भेदभावात होता. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा आणि युरोपियनांना सूट.

वऱ्हाड तेव्हा कागदोपत्री निजामाचे होते. १८५३ च्या तहाने त्याचा कारभार इंग्रजांकडे आला, म्हणून ब्रिटिश हिंदुस्थानातले कायदे इथे वेगळ्या आदेशांनी लागू होत. पण अमरावतीचा वकील आणि पुण्याचा वकील यांचे गाऱ्हाणे एकच होते. राष्ट्रीय सभेने, म्हणजे काँग्रेसने, १८८७ च्या मद्रास अधिवेशनात, बद्रुद्दीन तय्यबजी अध्यक्ष असताना, शस्त्र कायद्याविरुद्ध ठराव केला. त्या ठरावाची मांडणी आजही वाचण्यासारखी आहे. कायदाच नको, असे त्यात म्हटलेले नव्हते. सर्वांना शस्त्र बाळगू द्यावे, आणि एखाद्या व्यक्तीला किंवा गटाला मनाई करायची असेल तर त्याची कारणे लेखी नोंदवून जाहीर करावीत, अशी ती मागणी होती. म्हणजे मुभा हा नियम आणि मनाई हा अपवाद, तोही कारणासह. दहा वर्षांनी, डिसेंबर १८९७ मध्ये, हीच सभा अमरावतीत भरली. चेट्टूर शंकरन नायर अध्यक्ष होते आणि दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष. टिळक त्या वेळी राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात होते. शस्त्रबंदीची तक्रार तोवर सभेच्या मागण्यांच्या यादीत कायमची जाऊन बसली होती.

अहिंसेचे नाव घेऊन चाललेल्या चळवळीनेही ही मागणी सोडली नाही. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना गांधीजींनी एका पत्रकात लिहिले होते की, ब्रिटिश राजवटीच्या दुष्कृत्यांत सबंध राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा इतिहासाला सर्वांत काळा वाटेल. जानेवारी १९३० मध्ये त्यांनी सरकारपुढे अकरा मागण्या ठेवल्या. दारूबंदी, शेतसाऱ्यात निम्मी कपात, मिठावरचा कर रद्द, लष्करी खर्चात कपात अशी ती यादी होती आणि तिची अखेरची मागणी बंदुकीची होती. स्वसंरक्षणासाठी शस्त्रांचे परवाने द्यावेत, आणि त्यावर लोकांचे नियंत्रण असावे.

या यादीतल्या मिठाने वऱ्हाड पेटले. अकोला जिल्ह्यातल्या दहीहंडा इथे खारपाणपट्ट्यातल्या विहिरींच्या खाऱ्या पाण्यापासून एप्रिल १९३० मध्ये मीठ तयार करून कायदा मोडण्यात आला. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या मुलखाने आपल्याच विहिरीत सत्याग्रहाचे साधन शोधले. बंदुकीसाठी मात्र कोणी सत्याग्रह केला नाही, आणि त्याचे कारण उघड आहे. मीठ उघड्यावर बनवून अटक करून घेता येते. विनापरवाना बंदूक घेऊन उभा राहिलेला माणूस सत्याग्रही म्हणून कोणाला पटला नसता. त्यामुळे शस्त्र कायद्याविरुद्धची लढाई पुढेही ठराव, अर्ज आणि सभागृहांतल्या भाषणांनीच लढली गेली. १९३१ च्या कराची काँग्रेसमधून निघालेल्या मूलभूत हक्कांच्या यादीत शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क आला, तोही नियम आणि बंधने मान्य करून.

कामत आणि आंबेडकर

स्वातंत्र्यानंतर हे वचन पाळायची वेळ घटना समितीत आली. त्याची आठवण करून देणारे सभासद मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून निवडून गेलेले होते. हरी विष्णू कामत यांनी आयसीएसची नोकरी सोडून सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये उडी घेतली होती. डिसेंबर १९४८ च्या पहिल्या दोन दिवसांत स्वातंत्र्याच्या हक्कांवर चर्चा चालू असताना त्यांनी दुरुस्ती मांडली. भाषण, सभा, संघटना यांच्या जोडीला शस्त्र बाळगण्याचा हक्कही घटनेत यावा, आणि कायद्याने त्यावर बंधने घालावीत, असे तिचे स्वरूप होते. आधार अर्थातच कराचीचा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. त्यांचे म्हणणे असे की, हा मूलभूत हक्क झाला तर चोर, दरोडेखोर, सराईत गुन्हेगार हेही तो मागायला येतील. कोणीही उठून बाजारातून हवे ते शस्त्र विकत आणू लागला तर राज्यकारभार चालायचा कसा? देशावर संकट आले तर शस्त्र हाती घेणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे, आणि आग्रह धरायचाच तर त्या कर्तव्याचा धरावा, असाही मुद्दा त्यांनी मांडला. दुरुस्ती फेटाळली गेली. घटनेत जमण्याचा हक्क आला तो शांततेने आणि शस्त्रांशिवाय जमण्याचा. शिखांच्या कृपाणाला धर्मस्वातंत्र्याच्या कलमात वेगळी जागा मिळाली.

आंबेडकरांची भीती खोटी नव्हती, हे आज कबूल करायलाच हवे. पण कामतांच्या दुरुस्तीमागची जुनी मागणी, मनाई करताना कारण द्या ही, तिथे नाकारली गेली नव्हती. ती अकरा वर्षांनी साध्या कायद्यात शिरली.

कायदा शेतकऱ्याच्या बाजूने काय म्हणतो

१९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला आणि लिटनचा कायदा ८४ वर्षांनी गेला. नव्या कायद्याचे तेरावे कलम सहसा कोणी वाचत नाही, पण ते वऱ्हाडातल्या शेतकऱ्यासाठी लिहिल्यासारखे आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीची बंदूक, म्हणजे भरमार, मागितली असेल तर अधिकाऱ्याने परवाना 'द्यावा', असे ते म्हणते. संरक्षण किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली बंदूक, म्हणजे गावातली ओळखीची बारा बोअर, मागणाऱ्यालाही हेच लागू आहे. भरमारीने पीक राखता येणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तर त्याऐवजी बारा बोअरसारखी बंदूकही देता येते. रिव्हॉल्व्हर-पिस्तूल मागणाऱ्याला खास कारण पटवून द्यावे लागते. शेतकऱ्याच्या बंदुकीचे कारण कायद्याने आधीच मानले आहे.

चौदावे कलम नकाराचे. सार्वजनिक शांतता किंवा सुरक्षितता धोक्यात येत असेल, अर्जदार हिंसेच्या गुन्ह्यात झालेल्या शिक्षेमुळे अपात्र असेल, तर परवाना नाकारता येतो. पण अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून नाकारता येत नाही. नाकारला तर कारण लेखी नोंदवावे लागते, आणि जनहिताला बाधा येत नसेल तर मागणाऱ्याला ते कळवावे लागते. १८८७ च्या मद्रास ठरावातली लेखी कारणाची मागणी इथे कायद्याच्या भाषेत उतरली आहे.

प्रत्यक्षात अर्जाचा प्रवास लांब असतो. अकोल्यात अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात जातो. अमरावती शहरात पोलीस आयुक्तालय असल्याने तिथे परवाना आयुक्त देतात, आणि उरलेल्या जिल्ह्यात जिल्हाधिकारी. मग ठाणेदाराचा अहवाल. २०१६ च्या नियमांनी पोलीस अहवालाला ३० दिवस आणि त्यानंतरच्या निर्णयाला ६० दिवस अशी मुदत घातली आहे. शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखलाही त्याच नियमांनी आणला. पोलिसांचा अहवाल मुदतीत आला नाही, तर अधिकारी त्याची वाट न पाहता निर्णय देऊ शकतात, अशी तरतूद कायद्यातच आहे. मात्र तसे करणे त्यांच्या मर्जीवर सोडले आहे, आणि प्रकरण अडते ते बहुतेक इथेच. कोणता अधिकारी पोलिसांचे मत नसताना बंदुकीच्या कागदावर सही करील? नकार दिला तर अपील होते. उत्तरच दिले नाही तर अपील कशावर करायचे?

या अडचणीवर अलाहाबाद उच्च न्यायालयात न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी १९९३ मध्ये धाडसी उत्तर दिले होते. ठरावीक मुदतीत निर्णय झाला नाही तर साध्या बंदुकीचा परवाना मिळाला असे समजावे, आणि शस्त्र बाळगणे हे जगण्याच्या हक्कातच येते, असा तो निकाल. त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने नंतर तो टिकू दिला नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये बेकायदा शस्त्रांच्या प्रकरणात स्पष्ट केले की, अमेरिकेसारखा शस्त्राचा मूलभूत हक्क भारतीय घटनेने कोणालाही दिलेला नाही. परवाना ही सवलत आहे, हेच आजचे न्यायमत. पण सवलत कायद्याने चालते. ती देण्या-नाकारण्यात मनमानी चालत नाही.

दोनच बंदुका, एक क्रमांक

गेल्या काही वर्षांत परवानाधारकांपुढे तीन गोष्टी आल्या, आणि प्रत्येक वेळी त्यांच्यात चर्चा झडली की आता करायचे काय. गुपचूप पाळायचे, दुर्लक्ष करायचे की उघड विरोध करायचा?

पहिली गोष्ट राष्ट्रीय नोंदीची. २०१२ पासून देशभरातल्या परवान्यांची संगणकावर एकत्र नोंद सुरू झाली आणि प्रत्येक परवानाधारकाला वेगळा ओळख क्रमांक मिळू लागला. हा क्रमांक नसलेला परवाना ठरावीक तारखेनंतर बाद समजला जाईल, असे सांगितले गेले. ती तारीख पुन्हा पुन्हा पुढे ढकलावी लागली. जुने परवाने हाताने लिहिलेले, काही वाळवी लागलेले, काही आजोबांच्या नावावरचे. खेड्यातल्या म्हाताऱ्या परवानाधारकाला संकेतस्थळ ठाऊक नव्हते. हा विरोध नव्हता, ही गैरसोय होती. पण कागद बाद झाला की बंदूक आपोआप बेकायदा ठरते, आणि तसे झाले तर ती विलंब न लावता ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते.

दुसरी गोष्ट २०१९ च्या दुरुस्तीची. तोपर्यंत एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत. केंद्र सरकारने मांडलेल्या विधेयकात ती संख्या एकावर आणली होती. नेमबाज, वारसाहक्काने बंदुका आलेली जुनी घराणी आणि अनेक परवानाधारक यांनी हरकती घेतल्या. पंजाबचे तेव्हाचे मुख्यमंत्री अमरिंदर सिंग यांनीही विरोध कळवला. लोकसभेत विधेयक संमत होताना एकाच्या दोन झाल्या. १४ डिसेंबर २०१९ पासून कायदा लागू झाला. तिसरी बंदूक वर्षभरात जमा करायची होती. परवान्याची मुदत त्याच दुरुस्तीने तीनऐवजी पाच वर्षे झाली, म्हणजे नूतनीकरणाच्या खेपा कमी झाल्या. लग्नाच्या वरातीत किंवा मिरवणुकीत हवेत गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, हे कलमही तेव्हाच आले. यावर कोणाही समंजस बंदूकधारकाची हरकत नसावी.

वऱ्हाडातल्या जुन्या पाटील-देशमुखांच्या घरांत एकनळी, दुनळी आणि आजोबांची भरमार अशा बंदुका असणे नवलाचे नव्हते. कोणत्या दोन ठेवायच्या, हा प्रश्न तिथे भावनेचाही होता. २०१६ च्या नियमांनी एक सोय ठेवली आहे. परवानाधारकाने सत्तरी गाठली किंवा बंदूक २५ वर्षे बाळगली, तर तो हयातीतच ती वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करू शकतो. वारसाला पात्रता सिद्ध करावी लागते, आणि दोनची मर्यादा त्यालाही आहे.

तिसरी गोष्ट निवडणुकीची, आणि शेतकऱ्याला हीच सर्वांत जास्त बोचते. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. २००४ पासूनच्या महाराष्ट्राच्या पाचही विधानसभा निवडणुका ऑक्टोबर-नोव्हेंबरात झाल्या. हा सोयाबीन काढणीचा, कापूस वेचणीचा आणि तूर भरात येण्याचा काळ. म्हणजे ज्या कामासाठी परवाना दिला, नेमक्या त्याच हंगामात बंदूक शेतापासून दूर. मुंबई उच्च न्यायालयाने गोव्यातल्या एका प्रकरणात २००९ मध्ये ठरवून दिले की, सरसकट सगळ्यांची शस्त्रे जमा करून घेता येणार नाहीत. छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा विचार करावा, आणि जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, दंगलीत गुंतलेले अशांवर मुख्यतः लक्ष द्यावे. हा निकाल एका परवानाधारकाने न्यायालयात जाऊन मिळवला. बंदूक लपवून तो मिळाला नसता.

लपवण्याची वाट

जगात काही ठिकाणी बंदूकधारकांनी नोंदणीला थेट नकार दिला आहे. कॅनडाने १९९५ मध्ये कायदा करून शिकारीच्या लांब बंदुकांचीही नोंद सक्तीची केली. २००३ पर्यंत नोंद करायची होती. ग्रामीण भागातले अनेक शेतकरी आणि शिकारी नोंद करायला गेलेच नाहीत, काही प्रांतांच्या सरकारांनी खटले भरायला नकार दिला, आणि खर्च मूळ अंदाजाच्या कित्येक पट वाढून एक अब्ज डॉलरच्या पुढे जाणार, असे तिथल्या महालेखापरीक्षकांनी २००२ मध्ये सांगितले. २०१२ मध्ये ही नोंदणी गुंडाळली गेली. न्यूझीलंडने उलटी वाट धरली. क्राइस्टचर्चच्या मशिदींमध्ये मार्च २०१९ मध्ये ५१ माणसे मारली गेल्यावर तिथे अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी आली, ५० हजारांहून जास्त बंदुका सरकारने पैसे देऊन परत घेतल्या, आणि जून २०२३ पासून प्रत्येक बंदुकीची नोंद सुरू झाली. बंदूकधारकांच्या संघटनेने न्यायालयात दाद मागितली, पण ती हरली.

कॅनडाचे उदाहरण देऊन भारतातही नोंद टाळावी असे कोणी सुचवले, तर ते दोन कारणांनी चुकीचे ठरेल. तिथे कायदा नंतर आला, बंदुका आधीच घराघरांत होत्या. इथे बंदूक विकत घेतानाच परवाना दाखवावा लागतो, आणि काडतुसांची खरेदीही त्यावरच चढते. दुसरे कारण जास्त गंभीर आहे. 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या स्वित्झर्लंडमधल्या संस्थेच्या २०१८ च्या अंदाजानुसार भारतात सामान्य लोकांच्या हाती सुमारे ७ कोटी ११ लाख बंदुका आहेत, आणि त्यांतल्या नोंद झालेल्या अवघ्या ९७ लाखांच्या आसपास. म्हणजे दर सातांपैकी सहा नोंदीबाहेर. त्यात जुन्या भरमारी आहेत तसे देशी कट्टेही आहेत. नोंद टाळणारा शेतकरी याच गर्दीत सामील होतो. पकडला गेला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद आहे, आणि न्यायालयात त्याची बाजू कट्टेवाल्याच्या रांगेत उभी राहते.

यादीचा उपयोग शेतासाठी

बिहारने २०१५ मध्ये केंद्राकडून रोही आणि रानडुक्कर काही जिल्ह्यांपुरते उपद्रवी जाहीर करून घेतले. पुढच्या वर्षी मोकामा भागात बाहेरून आणलेल्या नेमबाजांनी दोनशेवर रोही मारले, आणि केंद्रीय मंत्री मनेका गांधी व प्रकाश जावडेकर यांच्यात जाहीर वाद झाला. केरळने २०२२ मध्ये निराळी पद्धत बसवली. रानडुकराला मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार ग्रामपंचायतींच्या अध्यक्षांपर्यंत आणला, आणि गोळी झाडायची ती परवानाधारक स्थानिकांच्या ठरलेल्या यादीतल्या माणसाने. इथे नोंद शेतकऱ्याच्या कामी आली. कोणाकडे बंदूक आहे, ती चालवायला कोण लायक आहे, हे सरकारला ठाऊक होते, म्हणून गरज पडली की त्याला बोलावता आले. कर्नाटकात कोडगूच्या कोडवांना इंग्रजी काळापासून परवान्यातून सूट आहे, आणि ती तिथल्या उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मान्यही केली. पण ती एका समाजाच्या जुन्या परंपरेला दिलेली सूट आहे. वऱ्हाडाला जवळचा आहे तो केरळचा दाखला.

महाराष्ट्राने २०१५ मध्ये रानडुक्कर आणि रोही यांच्या शिकारीच्या परवानगीची पद्धत ठरवून ती वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या पातळीवर आणली. वन्यजीव कायद्याच्या अकराव्या कलमात उभ्या पिकाचे नुकसान हे कारण आहेच, आणि परवानगीही लेखी, कारणासह द्यावी लागते. उणीव आहे ती दोन खात्यांना जोडणाऱ्या दुव्याची. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याने परवानगी दिलेल्या बहुसंख्य शेतकऱ्यांकडे बंदूक नाही, आणि गावातल्या ज्या दोघांकडे ती आहे त्यांना बोलावण्याची ठरलेली रीत नाही. अकोला आणि अमरावतीच्या प्रशासनाने तालुकावार परवानाधारकांची यादी, त्यांची संमती आणि प्रशिक्षण घेऊन, वनखात्याच्या हाती दिली, तर प्रत्येक शेतकऱ्याला बंदूक घेण्याची गरजही उरणार नाही. घराघरांत बंदुका वाढू नयेत असे वाटणाऱ्यांनाही ही वाट पटावी. घरातली बंदूक भांडणात आणि नैराश्यात काय करू शकते, ही काळजी त्यांना आहे आणि ती खरी आहे.

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. पीकसंरक्षणाचे अर्ज वेगळे ठेवून ३० आणि ६० दिवसांच्या मुदती पाळणे, पीकनुकसानीच्या पंचनाम्याचे कागद अर्जाला जोडून घेणे, आणि निवडणुकीच्या छाननी समितीपुढे शेतीच्या बंदुकांची वेगळी यादी ठेवणे, एवढे जिल्हा पातळीवर होऊ शकते. ज्याचा अर्ज नाकारला गेला, त्याने कारणाची लेखी प्रत मागावी. जिल्हाधिकाऱ्यांच्या नकाराविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते आणि ते चालते अमरावतीतच, विभागीय आयुक्तांपुढे. तिथेही दाद मिळाली नाही तर पुढची पायरी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाची आहे.